मुहूर्तालाच लाईन ट्रिप झाली

"मॅडम, कापूस आहे तर करंट राहणारच," गावंडे साहेब मला समजावत होते. "स्टॅटिक म्हणतात त्याले. तुम्ही तर इंजिनिअर आहात, तुम्हाले माहीत असलं पाहिजे."

मला माहीत होतं. हिवाळ्यात स्वेटर काढताना चट् होतं, ते स्टॅटिक. एकदा चट्, आणि संपलं. सात नंबरच्या मशीनवर उभ्या राहणाऱ्या वंदनाबाईंचा हात मात्र कोपरापर्यंत बधिर होत होता. गेले काही दिवस मशीनच्या लाईनची ट्रायल सुरू होती आणि हे रोज चाललं होतं. याला स्टॅटिक म्हणणं हा अडाणीपणा नाही. हा सोयीस्करपणा आहे.

ही गोष्ट सावनेर रोडवरच्या एका जिनिंग कारखान्याची. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची. लांब शेडमध्ये मशीन एका रांगेत उभ्या असतात. प्रत्येक मशीनपाशी एक बाई, तिच्या हाताशी कापसाचा ढीग. कापूस फार कोरडा असला की त्यावर पाणी शिंपडतात, म्हणून पायाखालची फरशी कायम ओली. दसऱ्यानंतर सीझन सुरू होतो, आणि तो मुहूर्तावरच सुरू होतो. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी होता. मी नागपूरला रामदासपेठेतल्या एका लहान फर्ममध्ये इलेक्ट्रिकल टेस्टिंगचं काम करते. लाईन सुरक्षित आहे अशा रिपोर्टवर माझी सही हवी होती. गावंडे तिथले मॅनेजर. त्यांना ती जेवणाच्या आधी हवी होती.

"पाहा, मी हात ठेवून दाखवतो," ते म्हणाले. त्यांनी सात नंबरच्या लोखंडी अंगावर पंजा ठेवला. "झालं काही?"

"मशीन बंद आहे, साहेब."

"तर?"

"बंद मशीनमध्ये करंट नसतो."

मागे उभ्या असलेल्या बाया हसल्या. गावंडेंनी वळून पाहिलं, तशा गप्प झाल्या. एक मात्र गप्प झाली नाही. त्याच वंदनाबाई.

"सुरू असली की चावते मॅडम," त्या म्हणाल्या. "बंद असली की गरीब गाय. सायेब येतात थे बंद असल्यावर."

"वंदना, तू जास्त बोलू नको वं."

"काहून नाही बोलू? उद्यापासून तसंही घरीच बसायचं हाय ना मले."

मी विचारलं तेव्हा कळलं. त्यांनी तक्रार केली, म्हणून मुहूर्तापासून त्यांच्या जागी दुसऱ्या बाईला उभं करायचं ठरलं होतं. मशीन दुरुस्त करायची नाही, बाई बदलायची. वंदनाबाईंचं म्हणणं साधं होतं. "माह्या जागी जे येईन, तिचा हात का लाकडाचा हाय?"

बाकीच्या बायांनी आपापला बंदोबस्त करून घेतला होता. त्या बारदान्याच्या, म्हणजे तागाच्या रिकाम्या पोत्यांच्या, घड्या करून पायाखाली घेत होत्या. कोरडं बारदान असेपर्यंत झिणझिण्या कमी लागतात. ओलं झालं की दुसरं आणायचं. मॅनेजरला हे रोज दिसत होतं. पायाखाली बारदान कशाला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. उलट, बारदाने खराब होतात म्हणून ओरडले होते.

नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या बड्या कंपनीत कुणी म्हणालं की मशीनला झिणझिण्या येतात, तर लाईन तिथल्या तिथे थांबते. माणूस तोच, मराठी तीच, वीज तीच. फक्त गळ्यात आयकार्ड असतं. इथे गळ्यात पदर होता.

मी वर पाहिलं. शेडच्या भिंतीवरून लोखंडी पाइप जातात, त्यांना कंड्युइट म्हणतात. मशीनच्या वायरी त्यांच्या पोटातून येतात. सगळे पाइप, सगळे जंक्शन बॉक्स चकचकीत आकाशी निळे होते. इतके सुंदर कंड्युइट मी उभ्या नागपूर जिल्ह्यात पाहिले नव्हते.

"पेंट कधी झाला?"

"दरवर्षीच होते मुहूर्ताच्या आधी," गावंडे खुलले. "पण या वर्षी शेठनं चांगली पार्टी लावली. दरवर्षी नुसता वरून हात मारत होते. यांनी एकेक पाइप खोलून, आटे बिटे सगळं रंगवलं. गंज लागाचं कामच नाही."

मला त्या क्षणी कळलं आणि डोकं फिरलं.

थोडं समजावून सांगते, कारण आमच्या पत्रकात एवढी जागा नसते. आम्ही काही जण सुटीच्या दिवशी कारखान्यांच्या गेटवर उभं राहून पत्रकं वाटतो: करंट लागला तर नशिबाला दोष देऊ नका, अर्थिंग पाहा. लोक वाचतात आणि विचारतात, अर्थिंग म्हणजे तो खड्डाच ना? मीठ-कोळशाचा? नाही. खड्डा हे अर्धंच काम आहे. उरलेल्या अर्ध्याला बाँडिंग म्हणतात, आणि ते कुणी करत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

बाँडिंग म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या लोखंडानं एकमेकांचा हात धरायचा. मशीन, पाइप, बॉक्स, पॅनल, सगळ्यांनी. आत कुठे वायर सोलली आणि लोखंडाला टेकली, तर करंटला परत जायला लोखंडाचा सरळ रस्ता मिळतो. तो एकदम इतका धावतो की ब्रेकर पडतो आणि लाईन बंद होते. लोखंडात वीज राहतच नाही. हात मध्येच एका ठिकाणी सुटला, की वीज अडकते. मशीन वीज घेऊन उभी राहते आणि वाट पाहते. कुणाची? जिचे पाय ओल्या फरशीवर आहेत तिची.

आणि पेंट वीज नेत नाही. पाइपच्या आट्यांवर पेंट, बॉक्सला पाइप आवळणाऱ्या चेकनटखाली पेंट. म्हणजे प्रत्येक जोडाला हात सुटलेला. बाहेरून पाइप एकसंध दिसतो. आतून तो तुकडेतुकडे असतो.

तरी असल्या पाइपच्या बाजूनं एक जाड तार जाते आणि जोडाजोडाला क्लिपनं पकडलेली असते. ती असती तरी चाललं असतं. ती कुठे दिसेना. मी कारखान्याच्या वायरमनला बोलावलं. बंडूभाऊ. हसरा माणूस, कानावर पेन्सिल.

"बंडूभाऊ, पाइपच्या बाजूची तार कुठे गेली?"

"कोणती?"

"अर्थची. क्लिपा असतात ती."

"थे होय! काढली ना. पेंटवाल्याले आडवी येत होती. शेठ पण म्हणे, घाण दिसते."

"परत काहून नाही लावली?"

"नव्या पेंटावर ओरखडे पडतात मॅडम."

तोंडात आलं ते मी गिळलं. बोलले असते तर छापता आलं नसतं.

"पण या बाया वरडून राहिल्या होत्या, म्हणून वेगळी अर्थिंग करून देली सात नंबरले," बंडूभाऊ अभिमानानं म्हणाले. शेडमागे नेऊन त्यांनी ताजा खड्डा दाखवला. "मीठ, कोळसा, सगळं टाकलं. पाइप गाडला. एक नंबर अर्थिंग."

"हा पाइप पॅनलच्या मेन अर्थला जोडला?"

"कायले? हा वेगळा हाय ना. वेगळा म्हणजे जास्त चांगला."

हे वाक्य मी इतक्या कारखान्यांत ऐकलंय की कधीतरी ते पत्रकावर छापून त्यावर फुली मारणार आहे. माती म्हणजे लोखंडाची पट्टी नाही. एकट्या खड्ड्यातून जो करंट परत जातो, तो ब्रेकर पाडायला पुरत नाही. मशीनवरची वीज तशीच राहते, फक्त आता खड्डा केल्याचं समाधान असतं.

मी मशीन सुरू करायला लावली. मीटरचं एक टोक मशीनच्या अंगाला, दुसरं पॅनलच्या मेन अर्थच्या पट्टीला. काटा शंभर व्होल्टच्या वर जाऊन नाचायला लागला.

"पाहा."

"मीटर तुमचं, आकडा तुमचा," गावंडे म्हणाले. "आम्हाले काय समजते त्यातलं?"

ठीक. मीटर समजत नाही. मग मी बंडूभाऊंकडून होल्डरला लावलेला साधा बल्ब घेतला. रबरी हातमोजे घालून त्याची एक वायर मशीनला लावली, दुसरी अर्थच्या पट्टीला. बल्ब लागला. थरथरत, मध्येच मोठा, मध्येच बारीक, पण लागला. कुठल्याही सॉकेटमध्ये न खोचता, नुसत्या मशीनच्या अंगावर.

बायांमध्ये एकदम कलकलाट झाला. "अगं माय, हे पाय!" कुणीतरी म्हणालं, "आता घरी लाईट गेली का मशीनच घेऊन जाऊ."

"गावंडे साहेब," मी म्हणाले, "स्टॅटिकवर बल्ब लागतो का?"

बल्बवरून त्यांची नजर घड्याळाकडे गेली. मग म्हणाले, "मॅडम, उद्या मुहूर्त आहे. हे सीझन सुरू झाल्यावर पाहून घेऊ. तुम्ही तेवढी सही करा."

बल्ब डोळ्यांसमोर जळतोय आणि माणूस सही मागतोय! मी बाहेर जाऊन आमच्या सरांना फोन लावला.

"ऑब्झर्व्हेशनमध्ये लिहून टाक आणि सही करून ये," सर म्हणाले. "जुना क्लायंट आहे."

"ऑब्झर्व्हेशन वाचून मशीन करंट मारायचं थांबवणार आहे का, सर?"

"हे बघ, तुझी ती पत्रकं तिकडे काढू नकोस. आपण टेस्टिंग करतो, आंदोलन नाही."

"टेस्टिंगच करतेय सर. टेस्टमध्ये लाईन नापास आहे."

पलीकडून फोन बंद झाला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. साहेब लोकांची ही खास पद्धत आहे. काही चांगलं झालं तर परवानगी होती, वाईट झालं तर नव्हती.

परत आत आले तेव्हा गावंडे पूजेच्या तयारीला लागले होते. झेंडूची पोती उतरत होती. मी असंच विचारलं, "उद्या पूजा कोण करतं?"

"शेठच्या घरच्या वहिनी. दरवर्षी त्याच. एकेका मशीनले हळदकुंकू लावतात, मग एक हात मशीनवर ठेवतात अन् दुसऱ्या हातानं बटन दाबतात. मशीन सुरू झाली की पुढच्या मशीनवर. आमच्या इथली पद्धत आहे ही, शेठच्या आईपासूनची."

"पायात चपला?"

"काहीतरीच काय मॅडम! पूजेत चपला? कोणीच घालत नाही त्या दिवशी. बाया पण नाही, आम्ही पण नाही."

"म्हणजे वहिनी अनवाणी. फरशीवर पाणी. हात मशीनवर. आणि बटन त्या स्वतःच दाबणार."

गावंडेंच्या हातातला झेंडू हातातच राहिला. बटन दाबलं की याच मशीनच्या अंगात वीज येते, हे त्यांनी आत्ताच बल्बवर पाहिलं होतं.

"बंडू!" ते ओरडले. "लाईन बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर!"

बघा. वंदनाबाईंच्या हाताला लागतं तेव्हा ते स्टॅटिक असतं. शेठच्या घरच्या हाताला लागणार म्हटल्यावर त्याचा करंट होतो. विज्ञान तेच. मला आनंद व्हायला हवा होता, कारण माझं काम होणार होतं. मला नुसती चीड आली. इतक्या बायांचं इतक्या दिवसांचं ओरडणं एका बाजूला, आणि एका अनवाणी पावलाची नुसती कल्पना दुसऱ्या बाजूला. आणि जड कोण ठरलं?

मग मात्र काम झपाट्यानं झालं. पाच मिनिटांपूर्वी ज्याला वेळ नव्हता त्यासाठी माणसं, सामान, शिडी, सगळं आलं. बंडूभाऊंनी आणि त्यांच्या दोन जोडीदारांनी चेकनट खोलले. आट्यांवरचा पेंट तारेच्या ब्रशनं काढला, बॉक्सच्या कडा कानशीनं घासून चकचकीत लोखंड उघडं केलं, पुन्हा आवळलं. अर्थची तार परत ओढली, जोडाजोडाला क्लिपा लावल्या. प्रत्येक मशीनला दोन बाजूंनी पट्टी दिली. तो एकटा खड्डाही मेन अर्थला जोडला, म्हणजे तोही कामाला लागला.

"मॅडम, पेंट!" गावंडे अधूनमधून कळवळत होते. प्रत्येक ओरखडा त्यांना लागत होता. माणसाला लागलेला करंट त्यांना लागला नव्हता.

सात नंबरच्या वरच्या बॉक्समध्ये मूळ सापडलं. पाइप कापल्यावर त्याची आतली धार घासून मोडायची असते. ती मोडलेली नव्हती. वायर त्या धारेवर टेकली होती. मशीन सुरू झाली की पाइप थरथरतो, आणि वायरचं प्लास्टिक थोडं थोडं कापलं जातं. बंडूभाऊंनी ती वायर बोटांत धरून पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी धार घासली आणि वायर बदलली.

संध्याकाळी गावंडेंनी कागद पुढे केला.

"आता सही?"

"उद्या. लाईन फिरलेली पाहून. आणि सात नंबरवर वंदनाबाईच उभ्या राहतील."

"हे काय, युनियनबाजी करून राहिल्या का तुम्ही?"

"म्हणा तसं. जी बाई खरं बोलली तिलाच काढायचं असेल, तर उद्या दुसरं काही चावलं तर तुम्हाला सांगणार कोण?"

त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. पण सकाळी वंदनाबाई सात नंबरवर होत्या.

मुहूर्त झोकात झाला. शेठ पांढऱ्या कपड्यांत, वहिनी ताट घेऊन. सगळे अनवाणी. एक नंबर: कुंकू, हात, बटन, घर्रर्र. दोन नंबर. तीन. मी पॅनलपाशी उभी. सात नंबरला वहिनींनी हात ठेवला तेव्हा माझा हात मेन स्विचवर गेला होता, हे कबूल करते. आदल्या दिवशी टेस्ट केलेलं सगळं आठवून पाहिलं. बटन. घर्रर्र. काही नाही. वंदनाबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

आठ नंबर झाली. वहिनी नऊवर गेल्या. कुंकू. हात. बटन. मशीन दोन-चार फेऱ्या फिरली, आणि पॅनलमध्ये धाड! संपूर्ण लाईन बंद.

शेठचा चेहरा उतरला. मुहूर्तालाच बंद!

"गावंडे, कधी ट्रिप झाली होती का आपली लाईन?"

"कधीच नाही शेठ. इतक्या वर्षांत कधीच नाही. काल या मॅडमनं सगळं उचकटलं, अन् पाहा."

"हे बरं नाही झालं," शेठ म्हणाले. पुजारी पुटपुटायला लागले. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच अपशकुन करायला नागपूरहून आले होते.

मी सरळ वहिनींकडे गेले. त्यांचा हात अजून नऊ नंबरवरच होता.

"वहिनी, हाताला काही जाणवलं?"

"नाही बाई," त्या गोंधळून म्हणाल्या. "काय जाणवायला पाहिजे होतं?"

गावंडेंनी खाली पाहिलं. शेठनी गावंडेंकडे पाहिलं. तेव्हा दोन मशीन पलीकडून आवाज आला.

"मले विचारा वहिनी," वंदनाबाई म्हणाल्या. "मी सांगतो काय जाणवते थे."

आणि त्यांनी सांगितलं. हात कसा बधिर होतो, रात्री भाकरी थापताना बोटं कशी वाकत नाहीत, तक्रार केली तर काय झालं. मुहूर्ताच्या माळांखाली उभं राहून, कुणीही न अडवता. वहिनींनी सगळं ऐकलं, आणि हात मशीनवरून हळूच काढून पदराला पुसला.

नऊ नंबरच्या बॉक्समध्येही तीच न मोडलेली धार निघाली; काल जोड घासायच्या घाईत ती पाहायची राहून गेली होती. लाईन थांबलेली असताना वायर त्या धारेपासून सुटी राहायची, म्हणून आदल्या दिवशी टेस्टमध्ये सगळं ठीक दिसलं. मशीन थरथरली आणि वायर टेकली. आदल्या दिवशीपर्यंतचे निळे पाइप असते, तर वहिनी तिथेच चिकटल्या असत्या आणि ब्रेकर आरामात बसून राहिला असता. आता लोखंडानं लोखंडाचा हात धरला होता, म्हणून ब्रेकर आधी पडला. बंडूभाऊंनी वायर बदलली आणि मग न सांगता बाकीचे सगळे बॉक्सही उघडून पाहिले. लाईन पुन्हा सुरू झाली. मी सही केली.

"कधीच ट्रिप झाली नाही" ही कारखान्यात शाबासकी समजतात. अर्थिंग नसलेली लाईन कधीच ट्रिप होत नाही. तिच्यात ब्रेकरऐवजी माणूस पडतो, आणि तोही मुकाट्यानं.

पुढच्या सीझनला ते दुसऱ्या फर्मला बोलावणार आहेत, असं सरांच्या कानावर आलंय. त्याबद्दल सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. वंदनाबाई सात नंबरवरच आहेत. मध्यंतरी गावंडेंचा फोन आला, आवाज चढलेला.

"मॅडम, लाईन पुन्हा पडली. तीन नंबरवर."

"कुणाला करंट लागला?"

"नाही."

"कुणी बारदान्यावर उभं होतं?"

"नाही. पण काम थांबलं ना!"

"ब्रेकरनं त्याचं काम केलं, साहेब. आता तुम्ही तुमचं करा. बॉक्स उघडा."